करदाता म्हणजे कोण?

जुलै महिना उजाडला की आमच्या पांढरपेशा घरांतून एक संवाद नेमाने ऐकू येतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावयाचे असते, कपात किती झाली आणि परत किती येणार ह्याचा हिशेब चाललेला असतो, आणि त्या हिशेबातून मान वर करून घरातील कर्ता पुरुष उद्गारतो, "आमच्या पैशावर सरकार साऱ्या जगाला फुकट पोसते आहे!" पाहुणे मान डोलावतात, चहाचा दुसरा पेला येतो, आणि करदात्यासारखा दीनवाणा प्राणी ह्या देशात दुसरा नाही, ह्याविषयी सर्वांचे एकमत होते. आम्हीही ह्याच वर्गातले आहोत, आणि हे वाक्य आमच्याही तोंडून अनेकदा गेलेले आहे. परंतु वारंवार उच्चारल्याने एखादे वाक्य खरे ठरत असते, तर जगात असत्य असे उरलेच नसते. तेव्हा ह्या वाक्यातील 'आमच्या' आणि 'फुकट' ह्या दोन शब्दांची एकदा नीट झडती घ्यावी असे आम्ही योजिले आहे. झडती आमच्याच घराची असल्यामुळे ती काहींस रुचणार नाही, ह्याची आम्हास कल्पना आहे.

वाचकांस आम्ही प्रथम मुळशी तालुक्यात नेऊ इच्छितो. ह्या एकाच तालुक्यात दोन निरनिराळी जगे नांदतात. पूर्वेच्या अंगास हिंजवडी आहे. तेथील काचेच्या इमारतींतून संगणकावर काम करणाऱ्या सुशिक्षितांचे वेतन महिना लाखाच्या घरात जाते. पश्चिमेस, पिरंगुटाहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुठा गाव आहे. गावाचे आणि नदीचे नाव एकच. ह्या नदीवर वरच्या बाजूस टेमघरचे धरण आहे, खाली खडकवासल्याचे आहे, आणि पुण्यातील नळांना येणाऱ्या पाण्यात ह्या खोऱ्यावर पडणाऱ्या पावसाचा वाटा आहे. शेजारच्या मुळेच्या खोऱ्यातील मावळ्यांनी १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तरी त्यांची भातखाचरे पाण्याखाली गेलीच, आणि त्या पाण्यावर निघालेली वीज मुंबईस गेली. ह्या गोष्टी उगाळून डोळ्यांत पाणी आणावे असा आमचा हेतू नाही. डोंगराकडील माणूस शहराला आजवर काय देत आला, ह्यासाठी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात रकाना नसतो, एवढेच आम्हास दाखवावयाचे आहे.

आता मुठा गावातील एक सत्तर वर्षांची वृद्धा डोळ्यांपुढे आणा. ती आमच्या कल्पनेतील आहे. पण मावळात ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज पडणार नाही. पन्नास पावसाळे तिने गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी केली, गुरे राखली, सरपण वाहिले, मुले वाढविली. तिला कोणी नेमणुकीचे पत्र दिले नाही, म्हणून तिला निवृत्तीची तारीखही नाही. तिच्या नावे भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, आजारपणाची रजा तर मुळीच नाही. आमच्या दिवाणखान्यातील परिभाषेत ही बाई करदाती नव्हे.

खरोखरच नव्हे काय? ती अंगाला साबण लावते. त्या साबणावर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर होता, तो नंतर शेकडा ५ झाला. चहाच्या पुडीवर ५ टक्के कर आहे. मुलाच्या मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के आहे. ती एस. टी.ने पौडास जाते तेव्हा तिकिटात प्रवासी कर असतो, आणि गाडीच्या डिझेलमध्ये केंद्राचा व राज्याचा असा दुहेरी कर असतो. १ जुलै २०१७ पासून चालू झालेला वस्तू व सेवा कर घेणाऱ्याचे तोंड पाहत नाही. लक्षाधीशाच्या साबणावर जो दर, तोच हिच्या साबणावर. आम्ही आमच्या मिळकतीतील बराच भाग शिल्लक टाकतो, आणि शिल्लक टाकलेल्या रुपयावर हा कर बसत नाही. हिची सारी मिळकत महिनाअखेर बाजारात जाते. म्हणून मिळकतीशी तुलना करता ह्या कराचा भार तिच्यावर अधिक पडतो. आमच्या कराची आम्हास पावती मिळते आणि तिच्या कराची तिला मिळत नाही. पावती नाही म्हणून देणेच नाही, हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रातला?

व्यवसायकराची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांहून अधिक मिळविणाऱ्या पुरुषास ह्या करापोटी वर्षाकाठी २,५०० रुपये द्यावे लागतात. हिंजवडीच्या फाटकाशी रात्रभर उभा राहणारा, महिना १५,००० रुपये मिळविणारा पहारेकरी २,५०० रुपये देतो, आणि त्याच फाटकातून मोटारीने आत जाणारा, महिना दोन लाख मिळविणारा अधिकारीही २,५०० रुपयेच देतो! राज्यघटनेने ह्या कराची मर्यादा १९८८ साली २५० वरून २,५०० रुपयांवर नेली. तेव्हापासून ती हललेली नाही. फाटकावरील मनुष्य आपल्या मिळकतीचा सत्तरावा-बहात्तरावा भाग देतो, मोटारीतील मनुष्य साडेनऊशेवा भागही देत नाही. आणि तरीही सायंकाळी "आमच्या पैशावर" असा सुस्कारा टाकण्याचा अधिकार मोटारीतल्याचा!

घेण्याचा न्याय असा आहे. आता देण्याचा पाहू. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेल्या नोकरास निवृत्तीनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्याच्या पश्चात कुटुंबास निवृत्तिवेतन मिळते. ह्यासाठी त्याने स्वतः वर्गणी भरलेली नसते. ते त्या त्या वर्षीच्या महसुलातून, म्हणजे साबणाच्या आणि डिझेलच्या करातूनही, दिले जाते. २००५ नंतर लागलेल्यांस वर्गणीची योजना लागू झाली; तिच्याविरुद्ध १४ मार्च २०२३ पासून राज्यातील लक्षावधी कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, आणि २०२४ साली शासनाने अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतकी हमी पुन्हा मान्य केली. त्या संपकऱ्यांस आम्ही दोष देत नाही. म्हातारपणी पुढे काय वाढून ठेवले आहे, ही धास्ती माणसास वाटू नये, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आमची तक्रार निराळी आहे. ते म्हणणे खरे असेल, तर ते सरकारी कचेरीच्या फाटकापाशी येऊन का थांबते?

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात असा निर्णय दिला की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने पडणारी बक्षिसी नव्हे. उमेदीच्या काळात ज्याने कष्ट केले त्याचा तो उतारवयातील हक्क आहे. सेवानिवृत्त मंडळी दरवर्षी १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून साजरा करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या निर्णयातील तत्त्व मुठ्याच्या वृद्धेस लावून पाहा. उमेदीच्या काळात कष्ट केले हीच जर हक्काची कसोटी असेल, तर पन्नास पावसाळे लावणी करणारी बाई ह्या कसोटीस कोठे उणी पडते? मग आमच्या घरात येते ते 'हक्काचे निवृत्तिवेतन' आणि तिच्या घरात जाते ती 'रेवडी', असे नामकरण कोणत्या उपाध्यायाने केले? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आमच्या पूर्वजांनी बहुधा आम्हास उद्देशूनच करून ठेवली असावी.

आणि त्या 'रेवडी'चे वजन तरी किती? श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली पासष्टी ओलांडलेल्या निराधारास २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. म्हणजे दिवसास ५०. ह्यात ज्यांच्यासाठी केंद्राचा हिस्सा येतो, तो ८० वर्षांखालील वृद्धांस अवघा २०० रुपये आहे, आणि २००७ पासून २०२५ पर्यंत तो तसूभर वाढला नाही. ह्याच काळात निवृत्त सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा तपासला जात होता. महागाई केवळ शहरातील बाजारातच होते आणि मावळात होत नाही, असा काही शोध अर्थशास्त्रज्ञांनी लावला असल्यास आमच्या वाचनात तो आलेला नाही. गिरण्या, साखर कारखाने, एस. टी. ह्यांतून बाहेर पडलेल्या कामगारांची दशाही फारशी बरी नाही. त्यांच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरले, आणि पुढील दहा वर्षांत ते वाढले नाही.

हे १,५०० रुपये मिळविण्यासाठी घराण्याचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे लागते, नाही तर साऱ्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणावा लागतो. पाच माणसांचे कुटुंब धरले तर माणशी दिवसास बारा रुपयेही होत नाहीत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा सरकारी दर दिवसास २९७ रुपये होता. म्हणजे घरातील एका माणसाने त्या दराने ७१ दिवस सरकारचेच खडीचे काम केले, की घरातील म्हातारी सरकारच्या लेखी संपन्न झाली! अशा अटीचा परिणाम एकच होतो. दाखला मागणारा खोटे बोलतो, दाखला देणारा खोटे लिहितो, आणि उभयतांस ते ठाऊक असते. जो कोणी प्रामाणिकपणे खरे उत्पन्न सांगेल, तो उपाशी राहील. गरिबास अप्रामाणिक होण्यास भाग पाडावयाचे आणि मग गरीब लबाड असतात असे म्हणावयाचे, ह्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

ह्यातील विसंगती २०२४ साली उघड्यावर आली. त्या वर्षी शासनाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आणली आणि तिच्यासाठी वर्षास ४६,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. वय २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, मदत महिना १,५०० रुपये. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी ज्या बाईस अडीच लाखांची मर्यादा लागू, तिलाच पासष्टी उलटताच २१,००० ची मर्यादा लागू! हातपाय चालत होते तोवर ती लाडकी होती. ते थकल्यावर तिने दाखला घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढाव्या. हा विरोधाभास योजनाकारांच्या लक्षात आला नाही, की म्हाताऱ्यांची मते थोडी म्हणून त्याकडे लक्ष दिले गेले नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. ४६,००० कोटींची सोय होऊ शकते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. "तिजोरीत पैसा नाही" हे उत्तर ह्यापुढे कोणी गंभीरपणे देऊ नये.

आरोग्याच्या बाबतीतही हेच चित्र आहे. सरकारी नोकरास उपचाराच्या खर्चाची भरपाई मिळते. आम्ही खाजगी विमा उतरवितो आणि प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत हप्त्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठांसाठी ५०,००० पर्यंत, वजावट घेत आलो. जो कर सरकारने घ्यावयाचा तो सोडून दिला, तर ती देणगीच होय. फक्त तिला देणगी म्हणावयाचे नाही असा शिष्टाचार आहे. मुठ्याच्या वृद्धेसाठी काहीच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली राजीव गांधी ह्यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ साली महात्मा जोतीराव फुले ह्यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना आज साऱ्या राज्यातील कुटुंबांस खुली आहे, आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांस २०२४ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांचे कवच दिले. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. ह्या गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यांचे श्रेय ज्याचे त्यास द्यावे.

परंतु सत्तर वर्षांच्या बाईस रोज काय लागते? रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, गुडघ्याचे औषध, खोकल्यावर वेळीच तपासणी, आणि ओळखीने विचारपूस करणारा डॉक्टर. पाच लाखांचे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते. दाखल होण्याची पाळी येऊ नये ह्यासाठी ते नाही. तो पैसा बहुतांशी शहरातील रुग्णालयांत जाऊन पोहोचतो. हृदय बंद पडू लागले म्हणजे लाखो रुपये द्यावयाचे, आणि ते बंद पडू नये म्हणून लागणारी गोळी मात्र घराजवळ मिळेलच अशी शाश्वती नाही. ह्यास आरोग्याची व्यवस्था म्हणावे की वैद्यकीय व्यापाराची? १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि ही व्यवस्था खेड्यातील प्राथमिक केंद्रापासून वर उभारावी. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले; महाराष्ट्रासारख्या धनाढ्य राज्यास ते साधले नाही. उलट २०१८ पासून आमच्या प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षण ह्यांच्या नावाने ४ टक्के उपकर बसतो. आरोग्य हा विषय राज्याचा, पण उपकराच्या रकमेत राज्यांस वाटा मिळत नाही. तक्रारच करावयाची असेल, तर आम्हा प्राप्तिकर भरणाऱ्यांनी ही करावी. तिच्यात मुठ्याची बाई आमच्या बाजूला उभी राहील.

ह्यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, अशा योजनांत लबाडी फार होते. होते खरी. लाडकी बहीण योजनेच्या तपासणीत सरकारी सेवेतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांनीही लाभ घेतल्याचे २०२५ साली शासनानेच सांगितले. म्हणजे लबाडी करण्यास मनुष्य निरक्षर किंवा दरिद्री असावा लागतो असे नव्हे. अर्ज नीट भरता येणे हेच त्या कामी अधिक उपयोगी पडते. आणि लबाडीचा खरा उपाय अटी वाढविणे हा नसून त्या कमी करणे हा आहे. वय हीच एक अट असेल, तर खोटा दाखला कशासाठी आणावयाचा? दुसरा कोणी म्हणेल, फुकट मिळाले की मनुष्य आळशी होतो. पासष्टी ओलांडलेल्या बाईस दिवसाकाठी ५० रुपये मिळाल्याने ती कोणत्या कामाचा आळस करील, हे आक्षेपकाने एकदा लावणीच्या दिवसांत बांधावर येऊन सांगावे. तिसरा म्हणेल, ही परदेशी कल्पना आहे. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांस आठवड्यास पाच शिलिंग मिळू लागले, हे खरे; पण आम्हास तेवढ्या लांब जाण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राने ह्या बाबतीत जगास शिकवावे असे दोन प्रयोग केलेले आहेत. वि. स. पागे ह्यांनी कल्पिलेली रोजगार हमी योजना १९७२ साली राज्यात सुरू झाली, आणि तिच्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या कराचा पैसा आणि राज्याने घातलेली तितकीच भर ह्यांतून दुष्काळी भागातील मजुरास काम मिळू लागले. कर कोणाकडून घ्यावयाचा आणि कोणासाठी, हे त्या वेळी उघडपणे सांगितले होते, आणि मध्यमवर्गाने तो दिला. पुढे केंद्राचा २००५ चा कायदा आला, मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. कर राहिला, त्याचा हेतू मात्र विस्मृतीत गेला. दुसरा प्रयोग १९६९ च्या माथाडी कायद्याचा. ज्यास एक मालक नाही अशा हमालाच्या मजुरीवर मालकांकडून ठराविक लेव्ही घेऊन मंडळामार्फत त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची, उपदानाची आणि औषधोपचाराची सोय करण्यात आली. नेमणूकपत्र नसलेल्यासही निवृत्तीची सोय करता येते, हे ह्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले. पुण्यात हमालांच्या चळवळीत हयात घालविणाऱ्या बाबा आढावांनी पुढे देशातील सर्व कष्टकरी वृद्धांस निवृत्तिवेतन मिळावे ह्यासाठी अरुणा रॉय ह्यांच्यासह पेन्शन परिषद उभी केली. किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, अशी तिची मागणी. सरकारी नोकरास अखेरच्या वेतनाच्या निम्मे मिळते, मग मजुरास किमान वेतनाच्या निम्मे का नको? ह्याहून सरळ त्रैराशिक दुसरे नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. कोणाचे चालू निवृत्तिवेतन काढून घ्यावे असे आम्ही सुचवीत नाही. सर्वांच्या करातून जो निधी जमतो, त्याचा पहिला हप्ता सर्वांच्या किमान गरजेवर खर्च व्हावा, आणि मग काहींच्या अधिक सुखाचा विचार व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे. ह्यासाठी २१,००० ची अट रद्द व्हावी. निवृत्तिवेतन, सरकारी सेवक व प्राप्तिकर भरणारे ह्यांस वगळून, पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकास मिळावे, आणि सरकारी निवृत्ताप्रमाणेच ते महागाईशी जोडावे. व्यवसायकराची मर्यादा घटनेत असल्यामुळे ती वाढविणे एकट्या राज्याच्या हाती नाही. पण फाटकावरील पहारेकऱ्याचा भार उतरविणे राज्याच्या हाती आहे, आणि वरच्यांसाठी ती मर्यादा वाढवा असा आग्रह दिल्लीकडे धरणेही आहे. आरोग्याचा पैसा आधी खेड्यातील केंद्रावर, तेथील डॉक्टरवर आणि औषधांच्या कपाटावर खर्च व्हावा.

ह्याचा खर्च येईल, आणि त्यातील काही भाग आमच्या खिशातून जाईल, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. वर्षास २,५०० च्या जागी दहा हजार व्यवसायकर द्यावा लागला, तर लाखाच्या वर मिळविणारे कोणते घर बुडेल? आमच्या आईवडिलांस निवृत्तिवेतन मिळाले म्हणून आमचे शिक्षण निर्वेध झाले. त्यांच्या आजारपणात आम्हास शेत विकावे लागले नाही. एका पिढीची निश्चिती पुढच्या पिढीला काय देते, हे ह्या महाराष्ट्रात आमच्याइतके कोणासच ठाऊक नाही. म्हणूनच, ज्या घरात ती निश्चिती कधी पोहोचलीच नाही त्याला फुकटे म्हणण्याचा अधिकार सर्वांत कमी कोणास असेल, तर तो आम्हास आहे.

पुढील जुलैत विवरणपत्र भरताना हे वाक्य पुन्हा ओठांवर येईल. तेव्हा वाचकांनी क्षणभर थांबून नळ सोडावा. पाणी येईल. ते मुठेच्या खोऱ्यातून आलेले असेल, आणि खोऱ्याने त्याची पावती मागितलेली नसेल.